गल्लीतल्या उपद्रवाची तक्रार: वहीपासून तडीपारीपर्यंत, टप्प्याटप्प्याने

रात्री अकराला कुणीतरी ११२ ला, म्हणजे पोलिसांच्या तातडीच्या नंबरला, फोन करतं. पंधरा-वीस मिनिटांत बीट मार्शलची (गस्तीवरच्या पोलिसांची) मोटारसायकल येते, पोरं पांगतात, मोटारसायकल निघून जाते आणि पुढच्या दहा मिनिटांत भिंतीवर तेच चेहरे, तेच प्लॅस्टिकचे ग्लास. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर ऐंशी मेसेज पडतात: पोलीस काही करत नाहीत. आणि पोलीस ठाण्यात त्या जागेबद्दल एक कागदही नसतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी महावितरणचा डीपी आहे. त्याच्या मागच्या भिंतीवरचा हा प्रकार आम्ही सात महिने सोसला. त्यातले पाच महिने आमच्याच चुकांत गेले. तोंडी तक्रारी, रागाच्या भरात लिहिलेले अर्ज, चुकीच्या माणसाकडे हेलपाटे. आता आजूबाजूच्या वसाहतींतले लोक विचारायला येतात तेव्हा तेही हेच करून आलेले असतात. म्हणून क्रमाने लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण सहाव्या टप्प्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात.

टप्पा १: आधी निवडून वेगळं करा

“टवाळखोरांचा त्रास” हे पोलिसांच्या लेखी काहीच नाही. त्यात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि प्रत्येकीचा रस्ता वेगळा आहे.

मारामारी चालू आहे, हातात हत्यार आहे, कुणी घरात घुसतंय, बाईमाणसाची वाट अडवली आहे: इथे पुढचं काही वाचू नका, ११२ लावा.

मुलीचा पाठलाग, अश्लील शेरेबाजी, हावभाव हे दखलपात्र गुन्हे आहेत, म्हणजे पोलीस न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात पाठलागासाठी कलम ७८ आणि स्त्रीच्या विनयाचा अपमान करणारे शब्द-हावभाव यांसाठी कलम ७९ आहे. यात एफआयआर होतो.

शिवीगाळ, किरकोळ धक्काबुक्की, साधी धमकी बहुतेक वेळा अदखलपात्र असते, म्हणजे ठाण्याच्या भाषेत एनसी. एनसी झाली की न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. “एनसी घेऊन आमची बोळवण केली” असं लोक म्हणतात, पण एनसी फुकट जात नाही. ती कुठे उपयोगी पडते ते दहाव्या टप्प्यात येईल.

दारू पिऊन सार्वजनिक जागी त्रास देणं न्याय संहितेच्या कलम ३५५ मध्ये येतं: चोवीस तासांपर्यंत साधी कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा समाजसेवा. शिवाय महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचं कलम ८५ आहे. रस्त्यावर असभ्य वागणं आणि शांतताभंगासाठी चिथावणं याला महाराष्ट्र पोलीस कायद्याची ११० आणि ११२ ही कलमं लागतात. रस्ता अडवून गाड्या लावल्या असतील तर न्याय संहितेचं कलम २८५, दंड पाच हजारांपर्यंत. ही यादी पाठ करायची गरज नाही. कलम लावणं हे पोलिसांचं काम. तुम्हाला फक्त एवढं कळायला हवं की आपल्याकडे एक तक्रार नाही, तीन आहेत.

आवाजाचा प्रश्न आणखी वेगळा. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सणांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. तक्रार करण्याआधी त्या तारखा बघा, नाहीतर पहिलाच फोन वाया जातो.

बंद पडलेला दिवा, वाढलेली झुडपं, महिनोन् महिने धूळ खात पडलेली गाडी हे महापालिकेचं किंवा नगरपालिकेचं काम.

> थांबा आणि विचारा: तक्रार वागण्याबद्दल आहे की माणसांबद्दल? संध्याकाळी क्रिकेट खेळणारी मुलं, कामावरून येऊन कट्ट्यावर बसलेले मजूर, बाहेरगावाहून आलेले भाडेकरू हा उपद्रव नाही. “ती लोकं” असा शब्द अर्जात येत असेल तर अर्ज बाजूला ठेवा. अशा अर्जावर पोलिसांनी कारवाई केली तर अन्याय होतो आणि नाही केली तर तुमच्या पुढच्या खऱ्या अर्जाचं वजन जातं. जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा तर न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हाच आहे.

टप्पा २: चौदा दिवसांची वही

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सगळ्यात जास्त लोक हाच टप्पा गाळतात.

शंभर पानी साधी वही घ्या. एकच वही, आणि ती एकाच घरात. रोज लिहायचं. काही घडलं नाही त्या दिवशीही तारीख टाकून “आज कुणी नव्हतं” असं लिहायचं. ही कोरी वाटणारी ओळ फार मोलाची असते, कारण तिच्यामुळे बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो.

आमच्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो:

> शुक्रवार. रात्री १०.५० ते १२.१५. डीपीमागची भिंत. पाच जण, दोन दुचाकी (नंबर शेवटच्या पानावर). दारू उघड्यावर. ११.२० ला एका बाटलीचे तुकडे रस्त्यावर. ११.३० ला ११२ ला फोन. ११.४८ ला बीट मार्शल दोघे. पाच मिनिटं थांबले. १२.०५ ला त्यातले तिघे परत. पाहणारे: ए विंग दुसरा मजला, बी विंग पहिला मजला.

यात विशेषण एकही नाही. “गुंड”, “नालायक”, “व्यसनी” यातलं काही नाही. कोण कुठल्या घरचा, कुणाचा भाचा, हेही नाही. वेळ, जागा, कृती, संख्या, गाडी, पाहणारे आणि त्यावर तुम्ही काय केलंत, एवढंच.

चौदा दिवस झाल्यावर वहीने आमचाच गैरसमज दूर केला. “रोजचा त्रास” असं आम्ही छातीठोकपणे सांगत होतो. वहीत चौदापैकी सहाच दिवस निघाले, त्यातले चार शुक्रवार-रविवार, आणि वेळ जवळजवळ ठरलेली: पावणेअकरा ते सव्वाबारा. हे कळल्यावर मागणीच बदलली. रात्रभर पोलीस उभे करा असं कुणाला सांगता येत नाही. शुक्रवारी आणि रविवारी पावणेअकराला बीट मार्शलची एक फेरी या भिंतीपाशी ठेवा, असं मात्र सांगता येतं, आणि हद्दीत दहा ठिकाणं सांभाळणाऱ्या माणसाला तेवढं करताही येतं.

फोटो-व्हिडिओ आपल्या खिडकीतून, आपल्या गॅलरीतून निघाले तरच काढा. खाली जाऊन तोंडासमोर मोबाइल धरू नका. निम्म्या मारामाऱ्या तिथून सुरू होतात. सोसायटीच्या सीसीटीव्हीत काही आलं असेल तर त्याच आठवड्यात काढून ठेवा. अनेक यंत्रांत पंधरा दिवस ते महिनाभरात जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. मूळ फाइल जपा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेली नको. पुढे न्यायालयात लागली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून ती कुठल्या यंत्रातून, कुणी, कधी काढली हे वहीत लिहून ठेवा.

> सावधान: चित्रण ग्रुपवर किंवा फेसबुकवर टाकू नका. त्यात अठरा वर्षांखालचं मूल असेल तर त्याची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ची मनाई आहे. तक्रारदाराचाच आरोपी होतो तो असा.

टप्पा ३: तीन ते पाच माणसं, चाळीस सह्या नव्हेत

चाळीस सह्यांचा अर्ज रुबाबदार दिसतो. मग ठाण्यातून जबाबासाठी फोन येतो आणि चाळीसपैकी अडतीस जण म्हणतात, “मी फक्त सही केली होती.” चौकशी करणारा हवालदार तिथेच अर्ज मिटवतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

स्वतः पाहिलेली, जबाब द्यायला तयार असलेली तीन ते पाच माणसं हवीत. शक्यतो वेगवेगळ्या घरांतली, त्यात एखादी बाई, एखादा दुकानदार. साठीच्या पुढचे आजोबा “मला कुठे हेलपाटे झेपतायत” म्हणतील. त्यांना सांगा की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम १७९ नुसार तपासात साक्षीदार म्हणून स्त्रियांना आणि साठ वर्षांवरच्यांना घर सोडून दुसरीकडे बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं असतं.

एक जण बोलणारा, एक जण कागद सांभाळणारा ठरवा. ज्याचा त्या पोरांपैकी कुणाशी जुना वाद आहे त्याला पुढे करू नका. जागेचं, पार्किंगचं भांडण असलेला माणूस पुढे असला की सगळं प्रकरण त्याच भांडणाचा भाग ठरतं.

आता आमची सर्वांत वाईट चूक सांगतो. भिंतीवरून एका मुलीवर शेरेबाजी झाली होती, ती कामावरून परत येत असताना. पहिल्या अर्जात आम्ही ती नवव्या ओळीत घातली, दारू आणि बाटल्यांच्या मध्ये. अर्ज वाचताना फौजदारांनी तिथे बोट ठेवलं आणि विचारलं, “ही मुलगी कोण? तिची तक्रार का नाही?” आम्ही पाचही जण गप्प. तिला आम्ही विचारलंच नव्हतं. तिची गोष्ट तिच्या परवानगीशिवाय आम्ही वजन वाढवायला वापरली होती. त्या रात्री माझी बायको तिच्या आईकडे गेली, माफी मागितली आणि तिला काय करायचं आहे ते तिनेच ठरवावं असं सांगितलं. तिने वेगळी तक्रार दिली, महिला अधिकाऱ्याने ती नोंदवून घेतली. अशा गुन्ह्यात महिला अधिकाऱ्यानेच माहिती नोंदवायची असते. तिने नाही म्हटलं असतं तर तेही बरोबरच होतं. तुम्ही हे आधी करा, बोट ठेवलं जाण्याआधी.

टप्पा ४: जागा दुरुस्त करा

पोलिसांकडे जाण्याआधी किंवा निदान त्याच आठवड्यात जागेकडे बघा. रात्री त्याच वेळी, लांबून. दिवा चालू आहे? भिंत रस्त्यावरून दिसते की झुडपाने झाकली आहे? बसायला काय आहे? गाडी लावायला आडोसा आहे?

आमच्याकडे डीपीजवळचा दिवा चार महिने बंद होता आणि एकाही माणसाने त्याची तक्रार केली नव्हती. महापालिकेच्या अ‍ॅपवर तक्रार टाकली, टोकन नंबर वहीत लिहिला, आठ दिवसांनी क्षेत्रीय कार्यालयात विद्युत विभागाला भेटलो, बाराव्या दिवशी दिवा लागला. झुडपं उद्यान विभागाने छाटली. बेवारस गाडीसाठी पालिका आणि वाहतूक पोलीस दोघांकडे अर्ज दिला.

याचे दोन फायदे. उजेडात बसणारे कमी होतात हा पहिला. दुसरा, ठाण्यात “तुम्ही काय केलंत?” असं विचारलं की टोकन नंबर दाखवता येतो, आणि बोलण्याचा सूरच बदलतो.

डीपीला स्वतः कुंपण घालायला, झाकण लावायला जाऊ नका. ते महावितरणचं काम आहे आणि त्यात जीव जातो.

टप्पा ५: हद्द, चौकी, बीट

रस्त्याची एक बाजू एका ठाण्यात आणि दुसरी बाजू दुसऱ्या ठाण्यात असं अनेक शहरांत असतं. आपली नेमकी जागा कुणाच्या हद्दीत येते ते आधी विचारून घ्या. दखलपात्र गुन्हा असेल तर हद्दीचं कारण देऊन परत पाठवता येत नाही; झिरो एफआयआर घेऊन तो योग्य ठाण्याला पाठवायचा असतो. पण रोजच्या उपद्रवाचा अर्ज योग्य ठाण्यातच द्या.

प्रत्येक ठाण्याची हद्द बीटमध्ये वाटलेली असते आणि प्रत्येक बीटला अंमलदार नेमलेले असतात. तुमच्या दृष्टीने ठाण्यातला सर्वांत महत्त्वाचा माणूस हाच. नगरसेवकाचा फोन वरिष्ठ निरीक्षकाला गेला तरी शेवटी भिंतीपाशी येणार बीट अंमलदारच. वरून दट्ट्या पडल्यामुळे आलेला माणूस आणि आपण नीट भेटून बोलावलेला माणूस यांच्या कामात फरक पडतो, हे मी पाहिलं आहे.

त्याला दिवसा भेटा. चहा-पाण्याची, पाकिटाची भाषा अजिबात नको. वही दाखवा, जागा दाखवा, आणि “तुम्हाला कुठली वेळ जमते?” असं विचारा.

खेड्यात हीच सुरुवात पोलीस पाटलाकडून होते. तंटामुक्त समिती शेजाऱ्यांच्या वादात, मोठ्या आवाजाच्या भांडणात उपयोगी पडते. मुलींना त्रास, मारहाण, अवैध दारूविक्री अशा गोष्टी समितीसमोर “मिटवायला” नेऊ नका.

> तपासा: सण, निवडणूक, मोठी सभा या बंदोबस्ताच्या दिवसांत ठाणं अर्धं रिकामं असतं. गणपतीत अर्ज दिला तर तो अनंत चतुर्दशीनंतरच उघडला जाणार हे धरून चाला.

टप्पा ६: अर्ज लिहा, एका पानात

आमचा पहिला अर्ज चार पानी होता. त्यात सामाजिक ऱ्हास होता, तरुण पिढी होती, करदाते होते. तिसरा अर्ज एका पानाचा होता आणि काम त्याने केलं. त्याचा सांगाडा असा:

प्रति, वरिष्ठ पोलीस निरीक्षक, अमुक पोलीस ठाणे. विषय: अमुक गल्लीतील डीपीमागील भिंतीजवळ शुक्रवार व रविवारी रात्री उघड्यावर मद्यपान व शिवीगाळ होत असल्याबाबत. विषयातच जागा, वार आणि कृती आली पाहिजे. दिवसाला पन्नास कागद बघणारा माणूस विषय वाचतो.

पहिला परिच्छेद: कोण लिहितंय, कुठे राहता, जागा नेमकी कुठे. जवळची ओळखीची खूण द्या.

दुसरा परिच्छेद: वहीतल्या सर्वांत ठळक तीन-चार नोंदी, तारीख-वेळेसह. सगळी वही उतरवू नका. “संपूर्ण नोंदींची प्रत सोबत” असं लिहा.

तिसरा परिच्छेद: आतापर्यंत तुम्ही काय केलंत. ११२ ला केलेल्या फोनच्या तारखा, पालिकेचे टोकन नंबर.

चौथा परिच्छेद: मागणी. “कडक कारवाई व्हावी” ही मागणी नव्हे. आमच्या मागण्या तीन होत्या: शुक्रवारी व रविवारी १०.४५ ते १२.१५ या वेळात बीट मार्शलची फेरी. उघड्यावर दारू पिणाऱ्यांवर प्रचलित कायद्यानुसार कारवाई. पंधरा दिवसांनी बीट अंमलदारांसोबत दहा मिनिटांची भेट. तिसरी मागणी विसरू नका. तिच्यामुळे अर्ज जिवंत राहतो.

खाली नावं, पत्ते, मोबाइल, सह्या. सोबतच्या कागदांची यादी.

नाव उघड होण्याची भीती असते आणि ती खरी असते. तसं अर्जात स्पष्ट लिहा: “आमची नावे संबंधितांना कळू नयेत ही विनंती.” आवाजाच्या तक्रारीत तर जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना बजावलं आहे की तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी आणि ती विरुद्ध बाजूला कळू देऊ नये. मात्र एफआयआरच्या तपासात साक्षीदाराचं नाव कायम लपत नाही. हे सह्या घेतानाच सगळ्यांना सांगा.

टप्पा ७: अर्ज द्या आणि पोच घ्या

दोन प्रती न्या. एक त्यांची, एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही. आवक क्रमांकाशिवाय दिलेला अर्ज दिलाच नाही असं समजा.

टेबलावर बसलेले ठाणे अंमलदार बहुतेक वेळा म्हणतील, “ठेवून जा, साहेबांना दाखवतो.” आवाज न चढवता म्हणायचं, “ठेवतोच साहेब, एवढा शिक्का द्या.” आम्हाला एकदा चाळीस मिनिटं बसवलं. बसलो. शिक्का मिळाला. अजिबात नाहीच घेतला तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने आणि ठाण्याच्या अधिकृत ईमेलवर पाठवा. पोस्टाची पावती हीच पोच.

दखलपात्र गुन्ह्याचं वेगळं. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये सांगितलं की माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ईमेलसारख्या मार्गानेही माहिती देता येते; मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. घरी येऊन वाचू म्हणू नका. तिथेच वाचा, वेळ आणि जागा बरोबर लिहिली आहे का ते पाहा, मग सही करा.

टप्पा ८: रात्रीचा फोन

अर्ज दिला म्हणून ११२ बंद करायचा नाही. उलट आताच तो शिस्तीने करायचा.

प्रकार सुरू झाल्याझाल्या फोन करा. पोरं उठायच्या बेतात असताना केलेला फोन म्हणजे रिकाम्या भिंतीला भेट. सांगताना आधी जागा, मग काय चाललंय, मग किती जण, हत्यार आहे की नाही. “नेहमीचंच आहे” हे शब्द वापरू नका. ऐकणाऱ्याला ते बिनगडबडीचं वाटतं. एका प्रकाराला आधी एकाच घरातून फोन जावा, दुसऱ्या घराने पाच मिनिटांनी करावा. दहा जणांनी एकदम लावून लाइन अडवायची नाही, खऱ्या संकटातला कुणीतरी तिकडे ताटकळत असतो.

पोलीस आल्यावर लांबून दिसेल असं कुणीतरी असावं, पण बोटाने माणसं दाखवत खाली उभं राहायचं नाही. ते गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पोरं परतली तर पुन्हा फोन करा. लोक हा दुसरा फोन लाजेपोटी करत नाहीत. तोच खरा महत्त्वाचा असतो, कारण पांगवून भागत नाही हे त्याच्यामुळे नोंदीत येतं.

> कधीच नको: काठ्या घेऊन खाली जाणं, गाडीची चावी काढून घेणं, हवा सोडणं, कुणाला खोलीत कोंडणं. एका रात्रीच्या मर्दुमकीत चौदा दिवसांची वही धुतली जाते, आणि मारहाणीचा गुन्हा तुमच्यावर होतो.

टप्पा ९: पंधरा दिवसांनी, मग महिन्याने

पंधराव्या दिवशी आवक क्रमांक घेऊन बीट अंमलदाराला भेटा. वही पुढे चालू असलीच पाहिजे. कमी झालं असेल तर तेही सांगा. “दोन आठवड्यांत सहावरून दोनवर आलं” असं आम्ही सांगितलं तेव्हा त्या माणसाचा चेहरा खुलला. त्यांना शिव्या रोज मिळतात, आकडा कुणी देत नाही. त्यानंतर रविवारची फेरी एकदाही चुकली नाही.

काहीच हललं नाही तर वर जा, पण पायरीने: वरिष्ठ निरीक्षकांची प्रत्यक्ष भेट, मग सहायक पोलीस आयुक्त किंवा उपविभागीय पोलीस अधिकारी, मग परिमंडळाचे उपायुक्त किंवा जिल्ह्याचे अधीक्षक. प्रत्येक अर्जात आधीचे आवक क्रमांक. पहिल्याच दिवशी आयुक्तांना लिहिलेला अर्ज फिरून त्याच बीट अंमलदाराच्या टेबलावर येतो, महिनाभर उशिरा.

एफआयआर नोंदवायला नकार मिळाला असेल तर कायद्यातला रस्ता ठरलेला आहे: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार अधीक्षकांना किंवा आयुक्तालयात उपायुक्तांना टपालाने लेखी तक्रार, आणि त्यानेही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज. इथे वकील लागतो. अर्जावर काय कारवाई झाली हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भांडण म्हणून माहिती मागवू नका. खरंच उत्तर हवं असेल तेव्हाच मागवा.

मोहल्ला समिती, शांतता समितीच्या बैठकीत प्रश्न मांडायला हरकत नाही. फक्त तिथे नावं घेऊ नका. त्या खोलीत कोणाचा कोण बसलाय हे कळत नाही.

टप्पा १०: तरीही चालूच राहिलं तर

इथे एनसी आणि जुने अर्ज कामाला येतात. तीच माणसं पुन्हा पुन्हा शांतता मोडत असतील तर पोलीस कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे प्रस्ताव पाठवू शकतात. लोक याला चॅप्टर केस म्हणतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली एक वर्षापर्यंत शांतता राखण्याचं बंधपत्र घेतलं जातं. सराईत असेल तर कलम १२९ खाली तीन वर्षांपर्यंत चांगल्या वर्तणुकीचं. आयुक्तालयात हे अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडे असतात, ग्रामीण भागात तहसीलदार किंवा प्रांतांकडे. प्रस्तावाला लागतं काय? मागच्या नोंदी. तोंडी तक्रारींची नोंद नसते, म्हणून तोंडी तक्रारींवर चॅप्टर होत नाही.

अवैध धंदा किंवा कायमचा अडथळा हाच मूळ त्रास असेल, तर कलम १५२ खाली जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे तो उपद्रव हटवण्याचा आदेश मागता येतो.

आणि तडीपारी. प्रत्येक बैठकीत कुणीतरी “तडीपार करा” म्हणतं. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ५५ ते ५७ या कलमांखाली जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी माणसाला हद्दीबाहेर काढता येतं. लोक भीतीने उघड साक्ष द्यायला धजावत नाहीत, हा कलम ५६ चा एक आधारच आहे, म्हणून गोपनीय जबाब घेतले जातात. पण त्या माणसाला नोटीस द्यावी लागते, त्याचं ऐकून घ्यावं लागतं आणि कागद कच्चा असेल तर आदेश रद्द होतो. भिंतीवर बसून पिणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोरासाठी हे हत्यार नाही. माझं स्पष्ट मत आहे की त्याची मागणीही करू नये. खंडणी, हत्यारं, दहशत असेल तर जरूर, आणि ते पोलिसांनी ठरवू द्या.

आमच्या भिंतीवर बसणाऱ्या पाच पोरांपैकी दोघांच्या घरी बीट अंमलदार स्वतः गेले, आई-वडिलांशी बोलले. एकाच्या आईला हे ठाऊकच नव्हतं. एकावर दारूबंदी कायद्याखाली कारवाई झाली. शेरेबाजी करणाऱ्यावर गुन्हा दाखल झाला, तो खटला चालू आहे.

थांबल्यानंतर

वही लगेच बंद करू नका. आणखी तीन महिने आठवड्यातून एकदा लिहा. परीक्षा संपल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत, थर्टी फर्स्टला जागा पुन्हा भरू शकते. दिवा गेला तर त्याच दिवशी तक्रार टाका. बीट अंमलदाराची बदली झाली की नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात भेटून जुन्या अर्जाची एक प्रत द्या, जुने कागद तो स्वतःहून शोधणार नाही.

आमची वही आता बी विंगच्या पहिल्या मजल्यावर असते. शेवटची नोंद मागच्या रविवारची आहे: “रात्री ११. दिवा चालू. भिंतीवर कुणी नाही.”